कॅसिनोसाठी राखून ठेवलेला दिवस

मे महिन्यात आम्ही रोमला चाललोय. नवरा, मुलगी, सासरे आणि मी. कोलोसियम, व्हॅटिकन, ट्रेव्हीचं कारंजं हे सगळं यादीत आहेच. पण या सुट्टीतला एक आख्खा दिवस मी विमानाची तिकिटं काढायच्या आधीच बाजूला काढून ठेवला. त्या दिवशी रोमच्या आग्नेयेला साधारण १४० किलोमीटरवर असलेल्या कॅसिनो गावी जायचं. तिथल्या युद्धस्मारकावर माणगाव तालुक्यातल्या पळसगावच्या एका मुलाचं नाव कोरलेलं आहे. नाईक (हे लष्करातलं पद) यशवंत घाडगे, व्हिक्टोरिया क्रॉस (ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक), पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी बटालियन. गेले तेव्हा ते २२ वर्षांचे होते.

माझं सासर माणगावच्या पलीकडचं. पुण्याहून निघून ताम्हिणी उतरलं की माणगाव येतं, आणि माणगावात घाडग्यांचा पुतळा आहे. बाबा, म्हणजे माझे सासरे, दरवेळी गाडीत बसल्या बसल्या हात जोडतात. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटायचं, एखादं देऊळ असेल. मग त्यांनी सांगितलं. त्या भागात घरटी एक माणूस मुंबईला गिरणीत आणि एक पलटणीत अशीच रीत होती. पलटणीतले काही पेन्शन घेऊन गावी आले, काही आलेच नाहीत. न आलेल्यांची नावं घरातल्या म्हाताऱ्या माणसांबरोबर संपली. घाडग्यांचं टिकलं, कारण त्यांना क्रॉस मिळाला होता.

१० जुलै १९४४ चा तो दिवस. मध्य इटलीतल्या उंब्रिया प्रांतात, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात दहावी भारतीय डिव्हिजन डोंगर चढत उत्तरेकडे सरकत होती. घाडग्यांच्या सेक्शनवर, म्हणजे त्यांच्या हाताखालच्या छोट्या तुकडीवर, अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला आणि त्यांच्याखेरीज बाकीचे सगळे ठार तरी झाले किंवा जखमी तरी. ते एकटे त्या मशीनगनवर धावून गेले. आधी हातबॉम्ब टाकून मशीनगन आणि ती चालवणारा गारद केला, मग आणखी एकाला गोळी घातली. मॅगझिन बदलायला उसंत नव्हती, तेव्हा उरलेल्या दोघांना बंदुकीच्या दस्त्याने मारलं. मोर्चा हाती आला आणि त्याच वेळी लपून बसलेल्या शत्रूच्या नेमबाजांनी त्यांना टिपलं. त्यांचा देह पुढे मिळाला नाही.

दुसऱ्या महायुद्धात इटलीत आपले सुमारे ५० हजार जवान लढले. चौथी, आठवी आणि दहावी अशा तीन भारतीय डिव्हिजन तिथे होत्या. साडेपाच हजारांहून अधिक माणसं परत आली नाहीत. त्या मोहिमेत एकूण २० व्हिक्टोरिया क्रॉस दिले गेले, त्यांतले सहा भारतीय सैन्यातल्या जवानांना मिळाले आणि त्या सहांतले दोघे मराठा पलटणीचे. दुसरे होते अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातले शिपाई नामदेव जाधव. ९ एप्रिल १९४५ ला सेनिओ नदीच्या काठी त्यांनी दोन जखमी सोबत्यांना एकेक करून खोल पाण्यातून आणि सुरुंग पेरलेल्या जमिनीवरून मागे नेलं, परत जाऊन मशीनगनचे मोर्चे बंद पाडले आणि बंधाऱ्यावर उभं राहून मराठ्यांची रणगर्जना करत मागच्या लोकांना पुढे बोलावलं. ते जगले, १९८४ पर्यंत. आम्ही शाळेत दोन्ही महायुद्धं तारखांसकट पाठ केली. त्यांत ही दोन नावं नव्हती, याचं मला आजही वाईट वाटतं.

तर घरी बेत सांगितला तेव्हा मुलीने, ती कॉलेजात इतिहास शिकते, नेमका अडचणीचा प्रश्न विचारला. "आई, पण त्यांची समाधी तिथे नाही. ते कॅसिनोला लढलेसुद्धा नाहीत. पडले ते तिथून कितीतरी उत्तरेला. मग आपण नक्की कुठे चाललोय?"

प्रश्न बरोबर होता. घाडगे पडले तो मुलूख मोंतोने या डोंगरावरच्या छोट्या गावाजवळचा. २०२३ च्या जुलैमध्ये त्या गावाने त्यांच्या नावाने एक स्मारक उभं केलं. ते सूर्यघड्याळ आहे आणि त्याच्यावर लॅटिनमध्ये लिहिलंय की आपण सगळे एकाच सूर्याखाली राहतो. एका इटालियन गावाला ऐंशी वर्षांनी आपल्या माणसाची आठवण ठेवावीशी वाटली, हे वाचून मला फार भरून आलं होतं. साहजिकच पहिला विचार मोंतोनेचाच केला. पण गावाला रेल्वे नाही. रोमहून एका दिवसात जाऊन यायचं तर गाडी भाड्याने घेऊन डोंगरातल्या वळणांवर उजव्या बाजूने चालवायची, आणि सोबत पंचाहत्तरी ओलांडलेले बाबा. ते जमण्यासारखं नव्हतं. उंब्रियात मुक्काम करणाऱ्याने मात्र मोंतोने चुकवू नये.

कॅसिनोच का, याचं उत्तर मला इटलीत सापडलं नाही, इराकमध्ये सापडलं. पहिल्या महायुद्धात सहावी पूना डिव्हिजन मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, गेली होती. तिच्यात १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या. तिथल्या कुत गावाला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात ही माणसं महिनोन्‌महिने अडकली, २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाली आणि नंतर कैदेत कित्येक मेले. त्यांचं स्मारक बसऱ्याला आहे. त्या भिंतींवर ब्रिटिश शिपायांची नावं आहेत, हिंदी अधिकाऱ्यांचीही आहेत, पण हिंदी शिपायांची नाहीत. पलटणीचं नाव आणि पुढे आकडा, इतकंच. २०२१ साली कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनने (राष्ट्रकुलातल्या युद्धमृतांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणारी संस्था) नेमलेल्या समितीने पहिल्या महायुद्धातल्या मृतांची आठवण ठेवताना असा भेदभाव झाला होता, हे उघडपणे मान्य केलं. कागदोपत्री नावं पुढे नोंदली गेली, ही चांगलीच गोष्ट आहे. पण सातारा, रत्नागिरी, तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातून गेलेल्या त्या पोरांपैकी एखाद्याचा पणतू आज बसऱ्याला पोचला, तर त्याला बोट ठेवायला दगडावर अक्षर नाही.

कॅसिनोला आहे. इटलीच्या मोहिमेत मेलेल्या आणि कबर ठाऊक नसलेल्या राष्ट्रकुलातल्या चार हजारांहून अधिक सैनिकांची नावं तिथे हिरव्या संगमरवराच्या उंच शिळांवर कोरली आहेत. जे इटलीत कुठेही पडले आणि ज्यांना माती किंवा अग्नी कुठे मिळाला हे कळलं नाही, त्या सगळ्यांना त्या एका जागी आणून उभं केलंय. शिपाई आहे, नाईक आहे, सुभेदार आहे, प्रत्येकाचं नाव. ज्यांना रीतसर अग्नी देता आला अशा भारतीय जवानांची स्मारकं वेगळी आहेत, सांग्रो नदीजवळ, फोर्लीला आणि रिमिनीला. मुलीला हे सगळं सांगितलं तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे आपण नावाकडे चाललोय." हो, नावाकडे.

एवढं ठरल्यावर उरलेलं नियोजन सोपं असेल असं वाटलं होतं. पण नवऱ्याने नकाशा उघडून सुचवलं की त्याच रेषेत पुढे नेपल्स आहे, तर सकाळी पॉम्पेई करू आणि येताना कॅसिनोला दोन तास उतरू. बेत वाईट नव्हता, पण मी ठाम नाही म्हटलं. पॉम्पेई बघून आलेला माणूस उन्हाने आणि चालण्याने थकलेला असतो. त्याला फक्त बसायचं असतं, पाणी हवं असतं, परतीची गाडी चुकू नये असं वाटत असतं. अशा अवस्थेत स्मारकावर जाऊन फोटो काढता येतो, नाव शोधता येत नाही. बाबाही शांतपणे म्हणाले, "अरे, तो पोरगा घरून गेला तो परत आलाच नाही. त्याला भेटायला जाताना वाटेत उतरल्यासारखं नको." त्यावर मग पुढे चर्चा झाली नाही.

रोमा तेर्मिनी स्टेशनवरून कॅसिनोला थेट प्रादेशिक गाड्या आहेत, साधारण दोन तास लागतात. त्या गाड्यांचं भाडं ठरलेलं असतं, आगाऊ आरक्षणाची गरज नाही. कागदी तिकीट घेतलं तर फलाटावरच्या यंत्रात ते छापून घ्यायचं, नाहीतर दंड होतो. वार आम्ही आठवड्याच्या मधला निवडला. रविवारी आणि सणाच्या दिवशी बस, गाड्या कमी असतात, आणि इटलीत रेल्वेचे संप बरेचदा शुक्रवारी होतात. ते आधी जाहीर केलेले असतात, त्यामुळे आदल्या आठवड्यात बघून ठेवायचं. १८ मे टाळायचा की गाठायचा, यावर मी विचार केला. त्या तारखेला १९४४ मध्ये पोलिश सैन्य माँते कॅसिनोच्या मठात पोचलं आणि त्या सुमाराला तिथे दरवर्षी पोलंडहून माणसं येतात. बाबांना गर्दी झेपत नाही, म्हणून आधीचा आठवडा घेतला.

खरा विचार करावा लागला तो क्रमाचा. कॅसिनोला दोन गोष्टी आहेत. खाली सपाटीवर, स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर, वॉर सिमेटरी आणि तिच्यातच ते स्मारक. वर, सुमारे ५२० मीटर उंचीवर, बेनेडिक्टाइन मठ. संत बेनेडिक्टने तो इसवी सन ५२९ च्या सुमाराला स्थापन केला. जाणारे बहुतेक लोक आधी टॅक्सीने वर जातात आणि वेळ उरला तर खाली येतात. आम्ही उलटं करणार आहोत. सकाळचं ऊन कोवळं असताना, मन ताजं असताना आधी खाली. बाबांना तिथे चढ नाही, पायऱ्यांचा त्रास नाही.

आणखीही एक कारण आहे. सिमेटरीत उभं राहिलं की तो डोंगर थेट डोक्यावर येतो. रोमकडे जाणारा मोठा रस्ता याच लिरी नदीच्या खोऱ्यातून जातो आणि डोंगरावर बसलेल्याला खोऱ्यातली हालचाल दिसते. आपल्याकडे ज्याच्या हाती गड त्याच्या हाती घाटवाट असायची, तसंच ते. जर्मनांनी तिथे गुस्ताव्ह फळी नावाची बचावाची रांग बांधली होती आणि जानेवारी ते मे १९४४ अशा चार लढाया तिथे झाल्या. फेब्रुवारी आणि मार्चमध्ये चौथ्या भारतीय डिव्हिजनचे राजपुताना रायफल्स, पंजाबी आणि गुरखे त्या कातळांवर थंडीपावसात चढत राहिले. मेमध्ये आठव्या भारतीय डिव्हिजनने गारी नदी ओलांडली. पाचव्या मराठ्यांची पहिली बटालियन याच डिव्हिजनमधली. त्या ओलांडणीत करौलीकडच्या कमल राम नावाच्या १९ वर्षांच्या शिपायाने व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. हे सगळं वरून पाहिलं तर निसर्गरम्य दरी दिसते. खालून पाहिलं तर त्यांना काय दिसत होतं ते कळेल, असं मला वाटतं.

मठात जायचंच नाही असा एक विचार माझ्या मनात येऊन गेला होता, दिवस एकाच कामाला द्यायचा म्हणून. पण मठाशी आपला संबंध वाटतो त्यापेक्षा खूप जवळचा आहे आणि तो सुखाचा नाही. १५ फेब्रुवारी १९४४ ला दोस्त राष्ट्रांच्या विमानांनी तो मठ जमीनदोस्त केला. मठ एक तर टाळून पुढे जावं किंवा हल्ल्याआधी जड बॉम्बफेकीने पाडावा, असा आग्रह धरणारे जनरल टकर हे चौथ्या भारतीय डिव्हिजनचे प्रमुख होते. त्यांच्यापुढे आपल्या जवानांच्या जिवाचा प्रश्न होता, हे खरं. पण आत त्या वेळी जर्मन सैन्य नव्हतं. वृद्ध मठाधिपती, थोडे साधू आणि आसऱ्याला आलेली शेकडो माणसं होती. त्यातली कित्येक मेली. काही बॉम्ब भरकटून आपल्याच जवानांच्या ठाण्यांवर पडले. विमानं त्या दिवशी येणार हे पुढच्या फळीला वेळेवर कळवलंही नव्हतं, त्यामुळे लगेच हल्ला करता आला नाही. मग जर्मन त्या ढिगाऱ्यात शिरले आणि ढिगारा मठापेक्षा लढायला सोयीचा ठरला. हे वाचल्यावर वर न जाणं मला पळ काढल्यासारखं वाटलं. आपल्या माणसांसाठी खाली उभं राहायचं आणि वर मेलेल्या त्या बायकापोरांना विसरायचं, हे मला जमणार नाही. मठ जसा होता तसा पुन्हा बांधला आहे. खांदे आणि गुडघे झाकलेले कपडे हवेत, तेवढं लक्षात ठेवायचं. वर जाणारी बस दिवसातून मोजकीच, म्हणून जाताना टॅक्सी ठरवायची आणि उतरायची वेळ त्याच टॅक्सीवाल्याला सांगून ठेवायची.

पोलिश सिमेटरी मठाजवळच आहे, तिथे थांबू. गावापासून थोडं दूर, कायरा इथे जर्मनांची आहे, २० हजारांहून अधिक माणसांची. तिथे या खेपेला वेळ पुरणार नाही.

बरोबर काय न्यायचं, हा बाबांचा विषय होता. पळसगावची चिमूटभर माती डबीत घालून न्यावी, असं त्यांनी मनात धरलं होतं. मी चौकशी केली. युरोपीय संघात बाहेरच्या देशातली माती नेता येत नाही, झाडांच्या रोगांमुळे तो नियम कडक आहे. ताजी फुलं, रोपं यांनाही प्रमाणपत्र लागतं. बाबांचा चेहरा उतरला. नियम मोडून न्यावी असं कुणीच सुचवलं नाही. ज्या माणसाचं नाव घेऊन चाललोय त्याच्यासमोर लपवून आणलेली डबी उघडणं बरं दिसलं नसतं. फुलं तिथेच कॅसिनो गावात घेऊ आणि शिळेच्या पायाशी ठेवू. दगडाला काही चिकटवायचं नाही, कुंकू लावायचं नाही, तो सगळ्यांचा दगड आहे. मग मुलीने एक सुचवलं. व्हिक्टोरिया क्रॉससोबत जे मानपत्र प्रसिद्ध झालं होतं ते इंग्रजीत आहे, त्याचं मराठी ती करतेय. ते बाबा तिथे मोठ्याने वाचतील. घाडग्यांनी काय केलं हे त्यांच्या भाषेत त्या जागी उच्चारलं जावं, एवढीच इच्छा. निघण्याआधी बाबा पळसगावला जाऊन येणार आहेत. तिकडे आपण चाललोय हे गावात सांगून यावं, असं त्यांचं म्हणणं.

सराव म्हणून आम्ही खडकीच्या वॉर सिमेटरीत जाऊन आलो. पुण्यात इतकी वर्षं राहूनही मुलीने ती आतून पाहिली नव्हती. प्रवेशाजवळ नोंदवही कुठे असते, ओळी कशा मोजायच्या, फलकावर पलटणींचा क्रम कसा लागतो, हे तिला बघायचं होतं. तिथे दुसऱ्या महायुद्धातल्या सोळाशेहून अधिक सैनिकांच्या कबरी आहेत आणि एक स्मारक पहिल्या महायुद्धातल्यांचं. हिरवळ नीट कापलेली, फुलझाडांना पाणी घातलेलं. बाबा माळीकाम करणाऱ्यांशी बराच वेळ बोलत उभे राहिले. बाहेर आल्यावर म्हणाले, "ही माणसं कोणाची कोण, पण बघतात ना नीट. तिकडेही कोणीतरी बघत असणार." मग रस्त्यात बाकी काही बोलले नाहीत.

या तयारीत मुलीच्या हाती आणखी एक गोष्ट लागली आणि तिच्यामुळे आमच्या दिवसाचा आराखडा बदलला. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या संकेतस्थळावर नाव टाकलं की स्मारक आणि फलकाचा क्रमांक मिळतो. आपली नावं मात्र त्या काळच्या कारकुनांनी ऐकू आली तशी इंग्रजीत उतरवली आहेत, तेव्हा चार-पाच वेगळी स्पेलिंगं करून बघावी लागतात. नावाने नाही सापडलं तर पलटण आणि तारीख घालून शोधायचं. पुष्कळ नोंदींपुढे वडलांचं किंवा बायकोचं नाव आणि गाव, जिल्हाही दिलेला आहे. आजचा रायगड तेव्हा कुलाबा होता, म्हणून जिल्हा कुलाबा घालायचा. ती संध्याकाळी बसून हे करू लागली आणि कुलाब्याची, रत्नागिरीची, साताऱ्याची, कोल्हापूरची नावं एकामागून एक वर यायला लागली. ज्यांचा पुतळा नाही, ज्यांना क्रॉस मिळाला नाही, अशा माणसांची. बाबांनी चष्मा लावून तिच्या शेजारी खुर्ची ओढली. दोघांनी मिळून वहीत यादी करायला घेतली आहे. फलकाच्या क्रमाने, म्हणजे तिथे पोचल्यावर उलटसुलट फिरावं लागणार नाही. मठासाठी ठेवलेली दुपार त्यामुळे थोडी आक्रसली आहे, परतीची गाडी आम्ही एक पुढची धरली आहे.

म्हणून एक विनंती. तुमच्या घरातलं, भावकीतलं, गावातलं कुणी १९४३ ते १९४५ मध्ये इटलीत जाऊन परत आलं नसेल, तर कळवा. नाव, गाव आणि माहीत असेल तर पलटण, एवढं पुरे. जुन्या पेन्शनच्या कागदावर, घरातल्या पदकाच्या कडेवर नंबर कोरलेला असतो, तोही चालेल. इंग्रजी स्पेलिंगची काळजी करू नका, ते शोधायचं काम मुलीने अंगावर घेतलंय. नाव कॅसिनोच्या फलकावर असेल तर आम्ही त्यापुढे थांबू, फूल ठेवू आणि फोटो पाठवू. सांग्रोला, फोर्लीला किंवा रिमिनीला असेल तर निदान नेमकी जागा तुम्हाला कळवू. एप्रिल संपायच्या आत सांगितलंत तर बरं, कारण फलक बरेच आहेत आणि बाबांना प्रत्येक नाव वाचायला वेळ लागतो.